इमारतीला दाखल क्रमांक द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या शंभरी ओलांडलेल्या नगर वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, विश्वस्त आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर, ताळेबंद आणि हिशेबतपासनिसाची नेमणूक यांच्या खाली कुठेतरी, ‘इमारतीच्या पुनर्विकासाबाबत विचार करणे’ असा एक विषय तुमच्यातल्या अनेकांकडे असेल. नसला तर दोन-चार वर्षांत येईल. रस्ता रुंद झाला, समोर बँक आली, जागेला भाव आला, की तो येतोच. त्या विषयावर हात वर करण्याआधी हे वाचावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होतो. मापपुस्तके लिहिणे, गवंड्यांशी वाद घालणे आणि पावसाळ्यात गळती शोधत छपरांवर चढणे यात उमेद गेली. वाचनालयाचा वर्गणीदार मात्र नोकरीच्या आधीपासूनचा. बदली होईल त्या गावी आधी खानावळ शोधायची आणि मग वाचनालय, हा क्रम कधी चुकला नाही. त्यामुळे देशावरची आणि कोकणातली बरीच नगर वाचनालये मी पुढच्या दारानेही पाहिली आणि पोटमाळ्यावरूनही.

तुमच्याकडे दाखल नोंदवही असते. पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक पडतो. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, कुणाकडून आले, आणि शेवटी शेरा. दोन आण्यांची पुस्तिका असली तरी तिची ओळ असते. पुढे ती पुस्तिका हरवली किंवा वाळवीने खाल्ली, तर तीच ओळ खोडण्यासाठी तुम्हाला ठराव करावा लागतो. आणि ज्या छपराखाली हे सगळे ठेवले, त्याची ओळ कुठे आहे? कुणी बांधले, कधी, कशाचे, कुणाच्या पैशाने, मागची खोली केव्हा वाढवली? मी विचारले तिथे बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : “ब्रिटिशकालीन आहे.” हा शब्द माझ्या डोक्यात जातो. दीडशे वर्षांच्या काळाला एका शब्दात गुंडाळून ठेवले की पुढे काही शोधायला नको.

माझे म्हणणे एवढेच आहे. इमारत ठेवा, दुरुस्त करा किंवा पाडा, निर्णय तुमचा. पण जे पुस्तक उघडूनही पाहिलेले नाही ते तुम्ही रद्दीत घालत नाही. मग इमारत न वाचता मोडीत कशी काढता?

वाचायची कशी, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे पाटीवरचे साल इमारतीचे समजू नका. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, अहमदनगरचे १८३८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे १८४८चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे, कल्याण आणि चिपळूणची १८६४ची. ही सगळी संस्थांची साले. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने यातल्या अनेक संस्था सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी चार कपाटे, काही इंग्रजी पुस्तके आणि थोडी वर्तमानपत्रे यापलीकडे फारसे काही नसे. जागा कुणाच्या तरी वाड्यातली, नाहीतर शाळेतली किंवा कचेरीच्या आवारातली. स्वतःची इमारत पुढे कधीतरी झाली. कुठे व्हिक्टोरिया राणीच्या १८८७च्या ज्युबिलीचे निमित्त मिळाले, कुठे संस्थानिकाने जागा दिली, कुठे एखाद्या व्यापाऱ्याने वडिलांच्या नावासाठी हॉल बांधून दिला. १९२० साली लोकमान्य गेले, त्यानंतर कित्येक वाचनालयांना त्यांचे नाव लागले. तेव्हा नाव एका काळचे, संस्था दुसऱ्या काळची आणि भिंती तिसऱ्याच काळच्या, असे सर्रास असते. भिंतींचे साल भिंतींनाच विचारावे लागते.

त्या सांगतातही. शिडी लावून छपराचे एक कौल काढा आणि उलटे करून बघा. मंगलोरी कौलाच्या पोटाशी बनवणाऱ्याचे नाव उठवलेले असते. बासेल मिशनने मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला. म्हणजे छपराचा सांगाडा मुळातच या कौलांसाठी बेतलेला असेल, तर ती इमारत त्याआधीची नाही. आधीची असेल तर वाशांचा उतार आणि रिपांमधले अंतर नळीच्या कौलांच्या मापाचे निघेल आणि मंगलोरी कौले वर नंतर चढवलेली दिसतील. मग गर्डर पाहा. पहिल्या मजल्याखाली लादीकोबा, म्हणजे गर्डरांवर लाद्या टाकून वर केलेला कोबा, असेल तर त्याचे लोखंडी गर्डर उघडेच असतात. रंगाचे थर खरवडले की गर्डरच्या अंगावर उठावाची अक्षरे लागू शकतात. विलायतेच्या ‘डॉर्मन लाँग’ कंपनीची मी पाहिली आहेत. टाटांचे नाव निघाले तर तो गर्डर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघू लागले. तिसरी खूण सिमेंटची. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ साली सुरू झाला. त्याआधी इकडे वापरले जाणारे सिमेंट बोटीने यायचे आणि तालुक्याच्या गावात ते कोण कशाला आणील? भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, मुळातच सिमेंटने भरलेल्या असतील तर तुमची ‘ब्रिटिशकालीन’ इमारत तुमच्या आजोबांच्या तरुणपणची असू शकते. आणि आत चुना असेल, वर सिमेंट असेल, तर मधे कुणीतरी हात मारला आहे.

तो हात माझाही असू शकतो. ते पुढे येईलच.

कागदांत सगळ्यात बोलका कागद म्हणजे बांधकामाच्या वर्षाची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. इतिवृत्तात ‘इमारतीचे काम समाधानकारक चालू आहे’ एवढेच असते. कीर्दीत चुन्याच्या गाड्या किती आल्या, सागवान कुठल्या वखारीचे, चुन्याच्या घाणीला बैल कुणाचे, सुताराला किती दिवसांची मजुरी, असे सगळे तारीखवार असते. दाराशी संगमरवरी पाटीवर देणगीदाराचे नाव असते, गवंड्याचे नसते. ते कीर्दीत सापडते. कीर्द मोडी लिपीत असेल तर ती अडगळ नव्हे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. तुमच्या सभासदांतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला पाठवा. त्याचा वेळही छान जाईल.

आता इमारतीकडे. या इमारतींना कुणी ‘स्थापत्य’ म्हणत नाही, कारण घुमट नाही, मनोरा नाही. पण मी मोजल्या आहेत आणि मला त्या हुशार वाटतात. मूळ प्रश्न साधा होता : वीज नाही, पंखा नाही, बाहेर चार महिने पाऊस, आणि आत कागद. त्याला गवंडी-सुतारांनी दिलेले उत्तर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच आहे. जोते उंच, तीन-चार पायऱ्यांचे, म्हणजे जमिनीची ओल पुस्तकांपर्यंत चढायला वेळ लागतो. पुढे ओटा किंवा पडवी, म्हणजे पावसाची झड पहिल्या भिंतीवर थेट येत नाही आणि लोकांनाही ओली छत्री ठेवून आत यायला जागा मिळते. आत एकच लांब हॉल. दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, कमरेच्या उंचीपासून थेट कमानीपर्यंत. खालची झडप लावली तरी वरची उघडी ठेवता यावी म्हणून त्यांची दारे दोन भागांत. त्याच्याही वर, भिंत छपराला मिळते तिथे, झरोके. गरम हवा तिथून निघून जाते. चौदा-पंधरा फुटांची उंची मिरवण्यासाठी नव्हती. वर्तमानपत्राचे बारीक टाइप दिवेलागणीपर्यंत वाचता यावेत, इतका उजेड खोलवर जायला खिडकीचा माथा उंच लागतो. हॉलच्या मागे कपाटांची खोली, तिला खिडक्या कमी आणि त्या लहान, कारण उजेड माणसांना हवा असतो, पुस्तकांना नको. या दोहोंच्या मधे देवघेवीची खिडकी.

भिंती कोकणात जांभ्याच्या, देशावर काळ्या दगडाच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि उघड्या हवेत राहून टणक होत जातो. काळ्या दगडाची दोन फुटी भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती असतात : बाहेरचा घडीव थर, आतला थर, आणि मधे चुन्यात कालवलेला चिपा-तुकड्यांचा भराव. ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालून त्या बांधलेल्या असतात. हे माहीत नसलेला माणूस भिंतीला ठोकतो, पोकळ आवाज ऐकतो आणि अहवालात ‘भिंत कमकुवत’ असे लिहून मोकळा होतो.

एका तालुक्याच्या वाचनालयात गळती शोधायला मी खोट्या छताच्या वर गेलो होतो. खालच्या लोकांनी प्लायवुडचे छत लावून घेतले होते, पंख्याचा वारा ‘वाया जातो’ म्हणून. वर गेलो तर सगळे झरोके त्या प्लायवुडच्या वर अडकलेले, कबुतरांनी भरलेले. आणि छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या, इतक्या साफ की रंधा आदल्या दिवशी मारला असावा. बॅटरी फिरवली तर प्रत्येक जोडावर पटाशीने कोरलेल्या खुणा : एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीखाली रेघ. सुताराने कैच्या खाली जमिनीवर जुळवल्या असणार, खुणा केल्या, सुट्या केल्या आणि वर नेऊन खुणेला खूण लावून पुन्हा बसवल्या. सातव्या कैचीला तीच खूण दोनदा होती आणि एक खाडाखोड केलेली. चुकला होता बिचारा. मी गळतीची जागा शोधायची विसरून अर्धा तास तिथेच बसलो. खाली आल्यावर कार्यवाहांना सांगितले. ते म्हणाले, “लाकडाला आता भाव चांगला येईल, नाही?”

आता माझी चूक. नोकरीची सुरुवातीची वर्षे. एका गावच्या वाचनालयाची मागची भिंत ओली राहते, एवढी तक्रार होती. पाहायला गेलो. दगडी भिंत, चुन्याच्या दरजा, पायथ्याशी क्षारांचा पांढरा लोणा फुटलेला. मी तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे उपाय सांगितला आणि उभे राहून करून घेतला : दरजा खरवडून सिमेंटने भरल्या आणि बाहेरून पाऊण इंच सिमेंटचा गिलावा. भिंत एकदम नवी दिसू लागली. माझा सत्कारही झाला, नारळ मिळाला. तीन पावसाळ्यांनंतर काही कामाने त्याच गावी गेलो, तर ग्रंथपालांनी मला न बोलता मागच्या खोलीत नेले. कपाट उघडले. जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते, कातडी पुठ्ठ्याचे. त्यांनी एक खंड ओढला. पाने हातात आली, मागचा पुठ्ठा कपाटाच्या फळीला चिकटून तिथेच राहिला. खोलीला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. ते काही बोलले नाहीत. टेबलावर वर्तमानपत्रे पसरली, पंखा लावला आणि दर दहा पानांत एक कोरा कागद घालत बसले. मीही बसलो. संध्याकाळपर्यंत दोन खंड झाले.

झाले होते असे की जमिनीतली ओल भिंतीत आधीही चढत होती, पण चुन्यातून बाहेरच्या बाहेर वाळून जात होती. लोणा ही त्याचीच खूण होती. मी बाहेरचे तोंड बुजवले. पाण्याला उरलेला रस्ता आतला, म्हणजे कपाटांकडचा. जुन्या भिंतीला चुनाच लागतो. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, विटांची भुकटी, आणि गवंडी जुना असेल तर गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी. तो हळू सुकतो, ठेकेदाराला आवडत नाही, आणि दरसूचीत सिमेंटसारखा पटकन सापडत नाही. पण तुमच्या इमारतीची ‘धोकादायक’ म्हणून जी भिंत दाखवली जात असेल, तिच्यावर आधी सिमेंट चढले होते का, एवढे नक्की विचारा. अनेकदा आजार म्हाताऱ्याचा नसतो, औषधाचा असतो.

हे म्हणताना मी जुन्याचा भक्त नाही, हेही नोंदवतो. दोन इमारतींबद्दल मी स्वतः ‘उतरवून घ्यावी’ असे लिहून दिले. एकीच्या तुळयांची टोके भिंतीत पार कुजली होती आणि दुसरीचा पाया शेजारच्या तळघराच्या खोदाईने सुटला होता. त्या गेल्या, त्याचे वाईट वाटले तरी पश्चात्ताप नाही.

आणि जुनी वाचनालये सगळ्यांची होती, असेही कुणी सांगू नये. ती वर्गणीदारांची होती. अंमलदार, वकील, मास्तर, सावकार. ज्या पायऱ्या ओलीपासून पुस्तकांना वाचवत, त्याच पायऱ्या कित्येकांना वर येऊ देत नव्हत्या. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये काढणे हेही होते. स्वतःची वाचनालये काढायची वेळ का आली, हे त्यावरून कळावे. तुमच्या इतिवृत्तांत १९२३च्या पुढची पाने उघडा. त्या ठरावाचा उल्लेख आहे का? कुणाला सभासद करून घ्यावे यावर चर्चा झाली का? बायकांसाठी वेगळा वेळ, वेगळी खोली कधी आली? माझ्या पाहण्यातल्या एका इमारतीला बाजूने एक अरुंद दार होते, आत थेट छोट्या खोलीत उघडणारे. ते महिलांच्या वाचनासाठी काढले होते, असे तिथल्या जुन्या अहवालात निघाले. आता तिथे पाण्याचा कूलर आहे. इमारतीचा इतिहास लिहाल तर तो देणगीदारांच्या तसबिरींपुरता ठेवू नका. कोण कुठपर्यंत येऊ शकत होते, ते नकाशावर दाखवता येते.

त्याच पायऱ्यांना आज उतरण जोडणे हे कुठल्याही वारशाच्या आड येत नाही. दगडी पायऱ्या तशाच ठेवून बाजूने, हलवता येईल अशी उतरण बसवता येते. गुडघे गेलेल्या वर्गणीदाराला ओट्यावर उभे राहून “अहो, तेवढा दिवाळी अंक द्या की बाहेर” असे ओरडावे लागू नये.

आता पैशाकडे येतो, कारण तुमचे खरे दुखणे तेच आहे, हे मला माहीत आहे.

अँड्र्यू कार्नेगी या पोलादवाल्याच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभर २,५०९ ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या पुष्कळ अमेरिकेतल्या लहान गावांच्या. पैसे देताना त्याच्या कचेरीची अट असे : जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालयावर खर्च करायची. आपल्याकडच्या देणगीदारांनी इमारती दिल्या, नाव कोरून घेतले आणि पुढचे रामभरोसे सोडले. पन्हाळी साफ करायला आणि फुटकी कौले बदलायला दरवर्षी थोडे पैसे लागतात, हे कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हते. वीस वर्षांची न केलेली किरकोळ दुरुस्ती एकविसाव्या वर्षी ‘पुनर्विकास’ होऊन दारात उभी राहते.

कायद्यानेही इथे हात आखडता घेतला. कोल्हापूर संस्थानने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशातला पहिला. १९४८च्या मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर, म्हणजे कराबरोबर घेतला जाणारा जादा कर, होता. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा, त्यात उपकर नाही. संस्था तुमची, अनुदान सरकारचे, आणि अनुदानाचा मोठा वाटा वेतन आणि ग्रंथखरेदीत संपतो. छपराला काय उरते, ते तुम्ही मला सांगायला नको. तरी एक वाट आहे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, स्थापना १९७२, इमारतींच्या कामासाठीही साहाय्य देते. ग्रंथालय संचालनालयामार्फत प्रस्ताव जातो. प्रस्तावाला मोजमापासह नकाशा आणि अंदाजपत्रक जोडावे लागते, आणि गाडी नेमकी तिथेच अडते, कारण इमारतीचा नकाशाच कुणाकडे नसतो. पुन्हा आपण त्याच कोऱ्या ओळीपाशी आलो.

बिल्डरचा प्रस्ताव बहुधा असा असतो : तळमजल्यावर गाळे, वर कार्यालये, आणि वाचनालयाला तिसऱ्या मजल्यावर ‘प्रशस्त हॉल, मोफत’. त्यावर मी तीन प्रश्न विचारीन. हॉलची जमीन कितीच्या भाराला बेतली आहे? राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशेबाने बेततात. पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला भारतीय मानकाप्रमाणे ६०० किलो धरावे लागतात, आणि कपाटे २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहून अधिक. हे नकाशा मंजूर होण्याआधी ठरते, नंतर वाढवता येत नाही. दुसरा, लिफ्ट बंद पडली की तिचे बिल कुणाचे? आणि तिसरा प्रश्न तुम्हालाच : सकाळी भाजीची पिशवी घेऊन ओट्यावर टेकून पेपर चाळणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर येईल का? तो वर्गणीदार नसतो, तुमच्या हिशेबात दिसत नाही. पण त्याचा नातू पुढे सभासद होतो. मी असाच झालो.

गाव नदीकाठी असेल तर वरच्या मजल्याची ओढ मी समजू शकतो. चिपळूणच्या वाचनालयात २००५ आणि २०२१च्या पुरांनी, सांगलीच्या वाचनालयात २०१९च्या पुराने काय केले, ते सगळ्यांनी पाहिले. तिथे दुर्मीळ संग्रह वर हलवलाच पाहिजे, पण संग्रह आणि वाचनकक्ष एकाच मजल्यावर असलेच पाहिजेत असे कुठे आहे? बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून तिथल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली होती. राजाचा पैसा होता, खरे. पण डोकेही लावले होते, आणि ते आपल्याला फुकट पडते.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘सभेने ठराव केला’ एवढे पुरत नाही. बिल्डरला हे माहीत असते. सभासदांना नसते.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. दाखल नोंदवहीत पुढचा जो क्रमांक येईल तो इमारतीला द्या. लेखकाच्या रकान्यात गवंडी आणि सुतार, सापडले तर नावानिशी. प्रकाशकाच्या रकान्यात देणगीदार. वर्षाच्या रकान्यात तुम्ही शोधून काढलेले वर्ष, पाटीवरचे नव्हे. पानांच्या जागी खण आणि खोल्या. किंमत कीर्दीतून. शेरा या रकान्यात आजवरच्या दुरुस्त्या, चुकीच्या धरून. सोबत एक मोजणी नकाशा. गावात पॉलिटेक्निक असेल तर मुलांना सुट्टीतला प्रकल्प म्हणून द्या, आठवड्यात करून देतील. नगरपरिषदेकडे वारसा इमारतींची यादी झाली आहे का विचारा. झाली नसेल तर तुमचा कागद तिथे पहिला जाऊ द्या. मग चुन्याचे काम केलेल्या एका तरी माणसाला भिंत दाखवा. आणि हे सगळे छापून वार्षिक सभेच्या आधी प्रत्येक सभासदाच्या हातात पडू द्या. त्यानंतर सभेने काय तो ठराव करावा. पाडायचे ठरले तरी मी रस्त्यावर येणार नाही. फक्त कैच्या सुट्या करण्याआधी सुताराच्या खुणांचे फोटो काढा.

मोजायला माणूस मिळत नसेल तर मला बोलवा. टेप, ओळंबा आणि बॅटरी माझी. प्रवासखर्च नको. शिडी मात्र तिथलीच लागेल, आणि खाली धरायला एक जण. आता वय झाले आहे.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार